चकलीचं पोट सारखं बिघडतंय: घरचं जेवण द्यावं की पाकिटातलं?

ओवी_सहकारनगर
८ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चकली आहे. देशी, अडीच वर्षांची, वजन १६ किलो, शेपटीला दीड वेढा म्हणून हे नाव. एका पार्क केलेल्या टेम्पोखाली सापडली होती, तेव्हा माझ्या तळहातात मावायची.

गेले दोन महिने तिचं पोट ठिकाणावर नाही. आठवडाभर बरी असते, मग दोन-तीन दिवस पातळ शी, दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी, वर शेंबडासारखा चिकट थर. एकदा ताज्या रक्ताचा ठिपकाही दिसला. पहाटे साडेचारला माझ्या पायाला नाक लावते आणि मी गाऊनवर रेनकोट चढवून खाली. वजन कमी झालेलं नाही, झालंच असेल तर किलोभर वाढलंय. खेळते, कुरियरवाल्यावर नेमाने धावून जाते. डॉक्टरांनी दोनदा पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चालू तोवर झकास, संपल्या की चार दिवसांत पुन्हा तेच. लशी पूर्ण, जंताचं औषध दर तीन महिन्यांनी.

जेवण: सकाळी पोळी आणि अर्धी वाटी दूध, रात्री भात, उकडलेलं चिकन, गाजर. बस.

नवरा म्हणतो पाकिटातलं कोरडं खाणं सुरू करू. सासूबाई म्हणतात, आमच्या वाड्यातल्या मोत्याला जन्मभर शिळी भाकरी आणि ताक, चौदा वर्षं जगला, डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. तुम्ही काय देता? असं कुणाकडे झालंय का?

टवाळ_टोळ
८ जून, रात्री ११:०४

चकली बिघडली म्हणून फराळाचा धागा समजून आलो होतो. मोहन कमी पडलं असेल असं लिहून पण झालं होतं. पुसलं.

गवती_चहा
८ जून, रात्री ११:१५

दूध बंद करा. उद्यापासून नाही, आजपासून. आमच्या लॅब्राडॉरचे दोन वर्षांचे जुलाब दूध बंद केल्यावर आठवड्यात थांबले.

ओवी_सहकारनगर
८ जून, रात्री ११:२१

@टवाळ 😄

@गवती_चहा, अर्ध्या वाटीने एवढं होईल? पिल्लू असल्यापासून पितेय हो ती.

माजी_मांजरवाली
९ जून, सकाळी ७:४०

वाचतेय. आमच्या इथे पण हेच चालू आहे, फक्त आमचा पग आहे आणि त्याला त्याउलट त्रास. तीन-तीन दिवस होत नाही. मग गॅलरीत असा चेहरा करून बसतो की जणू इन्कम टॅक्सची नोटीस आलीय.

पाचवा_मजला
९ जून, सकाळी ९:१२

वाड्यातल्या मोत्याबद्दल थोडं. प्रत्येकाच्या आठवणीत एक मोत्या असतो आणि तो भाकरी-ताकावर चौदा वर्षं जगलेला असतो. माझ्या आजोळी पण होता. पण त्याच्या बरोबरीची पिल्लं किती गेली ते कुणी मोजलं नाही. माझ्या आठवणीतच एका पावसाळ्यात सहातली पाच गेली. 'लागण झाली' एवढंच म्हणायचे मोठे. उरला तो मोत्या. आणि मोत्या दिवसभर मोकळा असायचा. उकिरडा, उंदीर, खाटकाच्या दाराशी पडलेलं, शेतातलं. भाकरी-ताक हे त्याचं आपल्याला दिसणारं जेवण, बाकीचं त्याचं तो बघून घ्यायचा. फ्लॅटमधल्या कुत्र्याला ती सोय नाही. आपण ताटलीत टाकू तेवढंच.

सोलापूरकर_पाटील
९ जून, दुपारी १:३०

वरच्या प्रतिसादाशी निम्मा सहमत. आमच्याकडे मंगळवेढ्याजवळ शेतावर करवान आहेत, तीन पिढ्यांपासून. (कर्नाटकात यांनाच मुधोळ म्हणतात. २००५ साली पोस्टाने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. आमच्या आबांनी ते तिकीट देव्हाऱ्यात लावलंय.) त्यांना ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, कधी वरून अंडं. मटण झालं की उकळलेलं पाणी आणि छाट. पोट बिघडलेलं मला आठवत नाही. अंगावर मूठभर चरबी नाही, सशामागे सुटले तर मोटारसायकल मागे राहील.

पण हेही सांगतो की पुण्याच्या माझ्या मेव्हण्याने यातलंच एक पिल्लू नेलं आणि त्याला तेच खाणं दिलं. सहा महिन्यांत पायांची हाडं वाकली. डॉक्टर म्हणाले कॅल्शियम कमी. तेव्हा मोकळं फिरणं आणि फ्लॅट यात फरक आहे, ही पाचवा मजला यांची गोष्ट मान्य.

गवती_चहा
९ जून, दुपारी १:४४

उन्हात बसवलं नसेल पिल्लाला. कोवळं ऊन रोज अर्धा तास.

न्यूजर्सी_झुळूक
९ जून, सायं ७:०५

ओवी, आधी शीची तपासणी केलीत का? इकडे पहिलं तेच करतात. आमच्या गोल्डनला अगदी असंच, चिकट थर, मधेच बरं, मधेच वाईट. जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) निघाला. एका नमुन्यात सापडत नाही कधीकधी, म्हणून तीन दिवसांचे नमुने दिले होते. डबक्यातलं पाणी पिते का चकली?

आणि पाकिटाकडे वळणार असाल तर 'ग्रेन फ्री' या शब्दाला भुलू नका. इकडे त्याचं फार खूळ होतं. २०१८ मध्ये एफडीएने (इकडचं अन्न-औषध खातं) हृदय मोठं होण्याच्या आजाराशी त्याचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण आमच्या डॉक्टरने तेव्हाच सांगितलं, धान्याची ॲलर्जी सिद्ध झालेली नसेल तर कशाला त्या वाटेला जाताय.

रानडुक्कर
९ जून, रात्री ९:३३

घरचं पण नको, पाकीट पण नको. कच्चं मांस आणि कच्ची हाडं. कुत्रा म्हणजे लांडगा आहे. लांडगा पोळी खातो का? भात खातो का? माझा रॉटवायलर दोन वर्षं कच्च्यावर आहे, शी अशी कडक की शेजारी कौतुक करतात.

टवाळ_टोळ
९ जून, रात्री ९:४०

कुठली सोसायटी म्हणालात?

शेपूटवैद्य
९ जून, रात्री ११:५८

मी पशुवैद्य आहे, लहान प्राण्यांची प्रॅक्टिस. न तपासता इथून निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगतो म्हणजे ओवीताईंना त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला बरं पडेल.

पहिली गोष्ट, जुलाब म्हणजे सगळे एक नव्हेत. लहान आतड्याचा बिघाड असला तर शी एकदम भरपूर, दिवसातून दोन-तीनदा, आणि जनावर वाळत जातं. रक्त असलं तर पचलेलं, म्हणजे डांबरासारखं काळं. मोठ्या आतड्याचा असला तर थोडी थोडी, पाच-सात वेळा, घाई, कुंथणं, वर चिकट आव, रक्त असलं तर लालभडक. वजन टिकून असतं. ओवीताईंनी जे वर्णन केलंय ते दुसऱ्या प्रकारात बसतं. ही त्यातल्या त्यात बरी बातमी.

दुसरी गोष्ट, त्या गोळ्या. बहुधा मेट्रोनिडाझोल असावं. पूर्वी आम्ही सर्रास द्यायचो. पण साधे जुलाब बहुतेक वेळा आपले आपणच थांबतात, आणि हे औषध आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही झोडपतं. त्यामुळे हल्ली उठसूट देऊ नये असंच मत आहे. तुमचे डॉक्टर चुकले असं मी म्हणत नाही. पण तिसऱ्यांदा तीच गोळी घेण्याआधी शीची तपासणी आणि खाण्याची चौकशी व्हायला हवी.

दूध: पिल्लू असताना कुत्र्याच्या आतड्यात लॅक्टेज (दुधातली साखर पचवणारा पाचकरस) भरपूर असतं, मोठं झाल्यावर कमी होतं. कुणाला अर्धी वाटी चालते, कुणाला चमचाही नाही. न पचलेली दुधातली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि पाणी ओढून घेते. शिवाय कुत्रीच्या दुधात ही साखर गाई-म्हशीच्या दुधापेक्षा कमीच असते. पिल्लू असल्यापासून पिते म्हणून आता पचतं, असं धरून चालू नका. दही-ताक त्यामानाने सोसतं.

@रानडुक्कर, लांडगा आणि कुत्रा यांच्यात फरक नेमका पोळीचाच आहे! स्टार्च पचवणाऱ्या ॲमायलेजच्या जनुकाच्या लांडग्याकडे दोन प्रती, कुत्र्याकडे चारपासून तीसपर्यंत. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापलंय. माणसाच्या उकिरड्यावर राहता राहता तो आपलं धान्य खायला शिकला. शिजवलेला भात, भाकरी त्याला पचते. कच्ची पचत नाही, ती कुणालाच नाही. तुमच्या रॉटवायलरची शी कडक आहे ती हाडांमुळे. आणखी कडक झाली की माझ्याकडे आणाल, एनिमाला. कच्च्या मांसात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, घरात लहान मूल असेल तर तो धोका तुमचाही.

@गवती_चहा, उन्हाचं माणसाला लागू. कुत्र्याची कातडी उन्हातून पुरेसं ड जीवनसत्त्व बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच जावं लागतं. पाटलांच्या मेव्हण्याच्या पिल्लाला ऊन कमी पडलं नसणार, कॅल्शियम-फॉस्फरसचा हिशोब चुकला असणार. नुसत्या भाकरीवरही चुकतो, आणि गंमत म्हणजे नुसत्या मांसावरही चुकतो.

गवती_चहा
१० जून, सकाळी ६:२०

अरे देवा. बारा वर्षं उन्हात बसवलाय मी त्याला. तो मला शिक्षा समजत असणार.

रानडुक्कर
१० जून, सकाळी ८:०२

डॉक्टर लोक पाकिटवाल्यांचीच बाजू घेणार.

पाचवा_मजला
१० जून, सकाळी ८:३०

त्यांनी पाकीट हा शब्दही लिहिलेला नाही. पुन्हा वाचा.

पोटोबा_पार्ला
१० जून, सकाळी ११:१८

आमचं घर शुद्ध शाकाहारी आहे. बीगल आहे, सात वर्षांचा. अंडं मात्र देतो, तेही गॅलरीत वेगळ्या शेगडीवर, आईंनी घातलेली अट. भात, मूगडाळ, पनीर, अंडं, भोपळा, आणि डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पूड. तब्येत उत्तम. पण लोक असे बघतात जणू मी त्याला उपास घडवतोय. 'त्याचा तळतळाट लागेल' असं एका बाईंनी बागेत तोंडावर सांगितलं मला.

शेपूटवैद्य
१० जून, दुपारी २:०६

पार्लेकर, बरोबर चाललंय. मांजर असती तर मी भांडलो असतो, तिला मांसाशिवाय गत्यंतर नाही. कुत्र्याला अंडं, पनीर आणि ती पूड, यावर भागतं. फक्त ती पूड बंद करू नका आणि वर्षातून एकदा रक्त तपासा.

तासगावचा_द्राक्षवाला
१० जून, रात्री ८:४५

एक शंका. हल्ली सगळीकडे लिहितात की कुत्र्याला द्राक्षं आणि बेदाणे विष. आमच्या बेदाण्याच्या शेडवर चार कुत्री आहेत. खाली पडलेलं खातात. सीझनला तर पोट फुगेस्तोवर खातात. आजवर एकाला काही झालं नाही. मग हे विष कसलं?

शेपूटवैद्य
१० जून, रात्री ९:५०

सगळ्यांना होत नाही हे खरं. कुणाला मूठभर खाऊन काही होत नाही आणि कुणाची चार-पाच बेदाण्यांनी मूत्रपिंडं बंद पडतात. कुणाला किती बाधेल हे आधी कळायला मार्ग नाही, भानगड तीच. अलीकडे संशय द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आहे. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेचं सारही नको. तुमच्या शेडवरची चार नशीबवान म्हणा. शिऱ्यातला, खिरीतला बेदाणा मात्र कुणी मुद्दाम भरवू नका. प्रसाद म्हणून तर अजिबात नको, सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशीचा माझा ओपीडी तुम्हाला दाखवला पाहिजे.

आणि कांदा-लसूण. आपल्या रश्शाचा जीव त्यातच असतो, म्हणून सांगतो. १० किलोच्या कुत्र्याने साधारण दीडशे ग्रॅम कांदा एकदम खाल्ला तर तांबड्या पेशी फुटायला लागतात. शिजवून गुण जात नाही. रोज थोडा थोडा गेला तरी साठत जातो. मटणाचं पाणी द्यायचं तर वाटण घालायच्या आधी काढून ठेवा.

मालवणी_खेकडो
१० जून, रात्री १०:३०

एवढी चर्चा झाली आणि पेजेचं नाव कुणी घेतलं नाही? माझी आये म्हणायची, माणसाक काय नि कुत्र्याक काय, पोट बिघडला तर पेजच. उकड्या तांदळाची, मऊ शिजवलेली, चिमूटभर मीठ. आमच्या टिपूला दोन दिवस पेज, तिसऱ्या दिवशी त्यात बांगड्याचा काटे काढलेला तुकडा. काटे काढायला मात्र बसावं लागतं. नवऱ्याला काढून देत नाही, टिपूला देते.

नवरा_खेकडीचा
१० जून, रात्री १०:४१

खरं आहे.

वारकरी_बाईकवाला
११ जून, सकाळी ७:१५

तूप चालतं का हो? आमची आजी भाकरीवर तुपाची धार सोडल्याशिवाय कुत्र्याला देत नाही. कारण विचारलं की नामदेव महाराज. कुत्र्याने कोरडी पोळी पळवली तर महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, आपण काय त्यांच्यापेक्षा शहाणे?

टवाळ_टोळ
११ जून, सकाळी ७:३१

महाराज एकदाच धावले. आजी रोज धावते.

शेपूटवैद्य
११ जून, सकाळी १०:१०

😄 टवाळांनी माझं काम केलं. अर्धा चमचा कधीतरी ठीक. वाटीभर तूप, तळणीतले तुकडे, चिकनची सोललेली कातडी असं एकदम गेलं की स्वादुपिंडाला सूज येते. उलट्या, पोट धरून, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर, प्रार्थनेला बसल्यासारखा. दिवाळीच्या आठवड्यात हे हमखास येतं. ते घरी पेजेवर काढू नका.

रस्त्यावरची_माय
११ जून, दुपारी ३:२०

मी रोज २२ भटक्या कुत्र्यांना खायला घालते. कणीचा भात, चिकनवाल्याकडचे पाय आणि मुंड्या उकडून, हाडं काढून, हळद. अनुभवाने सांगते, त्यांची पोटं बिघडतात ती माझ्या भाताने नाही, लोक पिशवीत बांधून टाकतात त्या आंबलेल्या वरणाने आणि लग्नाच्या हॉलमागच्या पंगतीने. आणि वर आम्हालाच शिव्या. नियमाप्रमाणे खाऊ घालण्याची जागा...

वास्तुपुरुष_७७
११ जून, दुपारी ३:२८

तुमच्यासारख्यांमुळेच आमच्या गल्लीत रात्री चालता येत नाही. आधी घरी न्या सगळी २२.

(यापुढचे ३४ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे भांडा. इथे पोटाबद्दल बोला. – संपादक)

माजी_मांजरवाली
१२ जून, सकाळी ९:००

परत पोटाकडे. पगचा प्रश्न राहिला माझा. इसबगोल देऊ का? आणि जुलाब झाले तर माणसांची ती थांबवायची गोळी अर्धी देतात का? शेजारचे देतात त्यांच्या कोलीला.

शेपूटवैद्य
१२ जून, सकाळी ११:३५

इसबगोल चालेल. लहान पगला पाव चमचा, ओल्या खाण्यात कालवून, आणि पाणी पोटात जातंय ना ते बघा, नाहीतर उलटा दगड व्हायचा. उकडलेला लाल भोपळा दोन चमचे, तो दोन्हीकडून काम करतो, घट्ट असेल तर सैल आणि सैल असेल तर घट्ट.

ती गोळी मात्र शेजाऱ्यांना आजच सांगा, बंद. कोली जातीत बऱ्याच कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे ते औषध मेंदूत शिरतं. झिंगल्यासारखं होतं, प्रसंगी जीवही जातो. दुखतंय म्हणून घरातलं आयब्युप्रोफेनही देऊ नका, जठराला अल्सर पडतात.

ओवी_सहकारनगर
१५ जून, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहिते, कारण जे निघालं ते मला एकटीला पचत नाहीये.

झुळूक यांच्या सांगण्यावरून तीन दिवस नमुने दिले. लॅबवाल्या मुलाने तिसऱ्या दिवशी 'काकू, परत?' असं विचारलं. जिआर्डिया नाही, जंत नाहीत. मग डॉक्टर म्हणाले, आता खाणं लिहून काढा, चार दिवस, जे जे तोंडात जाईल ते सगळं.

मी म्हटलं, लिहिण्यापेक्षा दिसेल असं करू. फ्रिजवर एक रिकामा स्टीलचा डबा ठेवला. चकलीला जो जे देईल त्याने तेवढंच त्या डब्यातही टाकायचं. दूध असेल तर शेजारच्या बाटलीत. कुणी रागावणार नाही असं शपथेवर सांगितलं.

संध्याकाळी डबा उघडला.

सासूबाई: माझ्या अर्ध्या वाटीच्या आधी, सकाळी सहाला, 'ती उपाशी बघते' म्हणून एक भांडं म्हशीचं दूध आणि दीड पोळी. सासरे: दोन्ही वेळच्या चहाबरोबर चार-चार ग्लुकोज बिस्किटं, चहात बुडवून (चहात!). मुलगा: शाळेच्या डब्यातला उरलेला चीजचा पराठा, कारण तो त्याला स्वतःला आवडत नाही. कामाच्या मावशी: जिन्यात एक खारी. आणि नवरा, जो पाकीट आणू म्हणून माझ्या मागे लागला होता, तो रात्री सामना बघताना शेव. बाटलीत दूध मोजलं, अर्धा लिटर. त्यातली माझी अर्धी वाटी.

आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती फक्त आपल्याकडेच मागते. सासूबाई तर म्हणाल्या, 'तू तिला सकाळी काही देत नाहीस असं मला वाटलं होतं, कधी बघितलं नाही मी.' मी साडेसातला देते. तेव्हा त्या पूजेत असतात.

खाली वॉचमनकाकांना विचारायची हिंमत अजून झालेली नाही.

टवाळ_टोळ
१५ जून, रात्री ११:१६

चकली नाही हो ही, रेशन ऑफिस आहे.

पाचवा_मजला
१५ जून, रात्री ११:२५

वाड्यातला मोत्या सापडला म्हणायचा. चकली घरातल्या घरात भटकंती करतेय.

शेपूटवैद्य
१६ जून, सकाळी १०:४०

ओवीताई, डब्याची युक्ती मी आता माझ्याकडच्या लोकांना सांगणार आहे.

हिशोब करून दाखवतो, सोपा आहे. कुत्र्याची बसल्या जागची गरज काढायला वजनाचा घन करायचा, त्याचं वर्गमूळ, पुन्हा वर्गमूळ, आणि ७० ने गुणायचं. चकली १६ किलो. सोळाचा घन ४०९६, वर्गमूळ ६४, पुन्हा वर्गमूळ ८. आठ साते छप्पन, म्हणजे ५६० कॅलरी. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याला त्याच्या १.६ पट, म्हणजे दिवसाला साधारण ९०० लागतात. तुमचं म्हशीचं अर्धा लिटर दूधच ५०० च्या आसपास जातं. त्यावर पोळ्या, बिस्किटं, पराठा, आणि रात्रीचा भात-चिकन वेगळा. जुलाब असून वजन का वाढतंय हे कळलं ना?

आता घरचं की पाकीट हा प्रश्न बाजूला ठेवा. चार आठवडे एकच जेवण, दोन वेळा, एका हाताने. दूध, गहू, चीज, बिस्किट सगळं बंद. चिकनचाच त्रास आहे का तेही बघायला हवं, म्हणून मांस बदला. मासा किंवा अंडं घ्या, भात आणि भोपळा तसाच. चार आठवडे नीट गेले तर एकेक गोष्ट परत आणा, आठवड्याला एक. पाकिटावर जायचं असेल तर त्यानंतर, आणि सात ते दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळत. एका रात्रीत बदललं की पुन्हा जुलाब आणि दोष पाकिटाला.

आणि घरचं कायमचं द्यायचं ठरलं तर कॅल्शियम वेगळं द्यावंच लागेल, भात-अंड्यातून ते भागत नाही. किती, ते तुमचे डॉक्टर वजनावर सांगतील.

मालवणी_खेकडो
१६ जून, सकाळी १०:५५

मासो म्हटला ना डॉक्टरांनी? म्हटला.

गवती_चहा
१६ जून, दुपारी १२:०२

मी पहिल्याच दिवशी दूध म्हटलं होतं. नुसतं नोंदवून ठेवते.

वारकरी_बाईकवाला
१६ जून, रात्री ९:२०

आमच्याकडे डबा ठेवला. आजीने डब्यातपण तूप ओतलं.

ओवी_सहकारनगर
१९ जुलै, रात्री १०:१५

पाच आठवडे झाले, कळवते.

पहिले चार दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. सासूबाई सकाळी सहाला रिकामं भांडं घेऊन उभ्या, चकली समोर बसलेली, दोघी एकमेकींकडे बघतायत. शेवटी ताटली भरायचं काम मी त्यांच्याकडेच दिलं. मोजून, वाटीला खूण करून. आता दुसऱ्या कुणी शेंगदाणा टाकला तरी त्याच ओरडतात. सासऱ्यांना बिस्किटाऐवजी गाजराच्या चकत्या दिल्यात, चहात न बुडवता. वॉचमनकाका मात्र निर्दोष निघाले. त्यांनीच तिला कधी काही दिलं नव्हतं.

नवव्या दिवसापासून शी बांधलेली. पहाटे साडेचारचा रेनकोट सुटला. चौथ्या आठवड्यानंतर चिकन परत आणलं, काही झालं नाही. गेल्या आठवड्यात पोळी आणली, काही नाही. काल डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन चमचे दूध दिलं आणि आज सकाळी पुन्हा आव. म्हणजे दूधच. वजन १५.२. पाकीट आणलेलं नाही, कॅल्शियमची पूड चालू आहे.

न्यूजर्सी_झुळूक
१९ जुलै, रात्री ११:००

वा! नमुने फुकट गेले म्हणून माझा राग नाही ना?

ओवी_सहकारनगर
१९ जुलै, रात्री ११:०४

अजिबात नाही. तो लॅबवाला मुलगा आता दुकानात भेटला की चकलीची चौकशी करतो.

नवीन_सभासद_संगमनेर
२३ जुलै, रात्री १:१२

नमस्कार, शोधताना हा धागा सापडला. आमचं पिल्लू दोन महिन्यांचं आहे, पंधरा दिवसांपूर्वी आणलं. कालपासून खात नाही. आज सात-आठ उलट्या, आता जुलाबात रक्त येतंय, वास फार घाण येतोय. लस अजून दिली नाही, सोमवारी देणार होतो. वर लिहिलंय तशी पेज द्यायला घेतली पण पाणी पण उलटून पडतंय. दही देऊ का?

शेपूटवैद्य
२३ जुलै, रात्री १:१९

काहीही तोंडाने देऊ नका. पेज नाही, दही नाही. हे खाण्याचं दुखणं वाटत नाही, पारव्होचा (पिल्लांच्या विषाणूच्या आजाराचा) दाट संशय आहे. सकाळची वाट बघू नका, आत्ता जवळच्या डॉक्टरांना उठवा, सलाईन लागेल. टॉवेलात गुंडाळून न्या, अंग गार पडू देऊ नका. त्याची जागा आणि तुमच्या चपला ब्लीचच्या पाण्याने पुसा. घरात किंवा शेजारी लस न झालेलं दुसरं पिल्लू असेल तर जवळ आणू नका. पोहोचलात की इथे लिहा, मी जागा आहे.

नवीन_सभासद_संगमनेर
२३ जुलै, रात्री २:४०

पोहोचलो. पारव्होच म्हणाले. सलाईन लावलंय.

ओवी_सहकारनगर
२३ जुलै, सकाळी ६:३०

कसं आहे पिल्लू?

नवीन_सभासद_संगमनेर
२३ जुलै, रात्री ९:१५

तसंच. डॉक्टर म्हणाले तीन दिवस काढले तर आशा. नाव अजून ठेवलं नव्हतं, इथे कार्डावर लिहायला लागलं म्हणून बायकोने शेव लिहिलं.

नवीन_सभासद_संगमनेर
२६ जुलै, सायं ६:०२

आज दोन चमचे पाणी दिलं. राहिलं पोटात. अर्ध्या तासाने परत दोन द्यायचेत.